दोन डाव्या फळ्या

फळ्या नीट निवडता आल्या असत्या तर नॉर्बर्ट प्रुशिन्स्कीच्या पदरात तीन गोष्टी पडणार होत्या. पहिली, सासऱ्यांच्या नव्वदाव्या वाढदिवसाला चाळीस माणसांना पुरतील इतके ताजे वॉलाय मासे. दुसरी, मेव्हण्याचं, म्हणजे क्लेमेंटचं, तोंड निदान एक हिवाळाभर बंद. आणि तिसरी, जी त्याने बायकोलाही उघड सांगितली नव्हती, ती म्हणजे कढई.

कढई बिडाची होती, दोन कानांची, आणि इतकी रुंद की तीत एखादं तान्हं मूल आरामात आंघोळ करील. ती सासऱ्यांची. नातवंडं त्यांना जाजा म्हणत, आणि नव्वदीपर्यंत पोचता पोचता साऱ्या सॅगिनॉ उपसागराच्या काठानेच त्यांना जाजा करून टाकलं होतं. नॉर्बर्टच्या लग्नापासून घराण्यात वाढदिवस असो, बाप्तिस्मा असो, मासे तळायचे जाजांनी, आणि बाकीच्यांनी ताटल्या घेऊन रांगेत उभं राहायचं. पोटाचा जाड तुकडा कुणाला आणि शेपटीकडची कातडी कुणाला, हे कढईपाशी उभा असलेला माणूस ठरवणार. नॉर्बर्ट एकतीस वर्षं जावई होता आणि एकतीस वर्षं त्याच्या ताटात शेपटीच पडत आली होती. कुणाला कधी काय मिळालं याचा हिशेब त्याच्या डोक्यात सनावळीसह तयार असे. तो जिल्ह्याच्या नाले खात्यात चौतीस वर्षं कारकून होता. त्याच्या डोक्यात एकदा गेलेली गोष्ट पावतीशिवाय बाहेर पडत नसे.

ईस्टरच्या जेवणात जाजांनी झारा खाली ठेवला आणि सगळ्यांकडे पाहिलं.

"हात थरथरतो आता. वाढदिवसाला कढई दुसऱ्याच्या हातात देणार आहे. आदल्या दिवशी जो जास्त मासे आणील, त्याच्या. ताजे. फ्रीजरमधले चालणार नाहीत."

"मग आत्ताच द्या ना, बाबा," क्लेमेंट म्हणाला. "जावईबुवांना मासा कुठे मिळतो ते ठाऊक आहे. दुकानात, वाटाण्याच्या पाकिटांशेजारी."

चाळीस माणसं हसली. नॉर्बर्टने नुकतीच तिखट मुळ्याची चटणी तोंडात घातली होती. डोळ्यांत पाणी आलं ते चटणीमुळे, असं तो अजून सांगतो.

आता अडचण अशी की वॉलाय हा मोठा लाजाळू मासा. पाण्यात बोट मंद चालवत मागे गळ ओढत न्यावेत, तर इंजिनाची घरघर ऐकून तो दोन्ही अंगांना सरतो. सावकार येताना दिसला की गल्लीतली माणसं सरतात तसा. कायद्याने एका माणसाला गळाच्या तीन काठ्या लावता येतात. नॉर्बर्ट आणि त्याची बायको डार्लीन मिळून सहा. पण सहा काठ्यांचे तंगूस, म्हणजे गळाच्या बारीक दोऱ्या, बोटीच्या मागे जेवणाच्या टेबलाएवढ्या रुंदीत ओढले, तर मासा मिळत नाही, वेणी मिळते. म्हणून हवी फळी. पतंग जसा वाऱ्यावर स्वार होऊन दूर जातो तशी ही फळी पाण्यावर स्वार होते. बोट पुढे जाते आणि फळी दोराला ताण देत आडवी, बोटीपासून दूर दूर पळते आणि आपल्याबरोबर गळांनाही नेते, जिथे मासा निर्धास्त बसला आहे तिथे.

फळ्यांच्या जाती दोन. एक लहान, वीतभर-दीड वीत, जी थेट तंगुसालाच अडकवायची. प्रत्येक काठीला एक. दुसरी मोठी, हातभर लांब, दोन पाट एकमेकांना जोडल्यासारखी. ती बोटीवरच्या खांबाला जाड दोराने बांधायची आणि त्या दोरावर चिमट्यांनी एकेक तंगूस अडकवून सोडायचा. एवढंच. या एवढ्याशा गोष्टीवर त्या काठाला लग्नं मोडायची वेळ आलेली आहे.

शेजारी ऑर्व्हिल टेसमर हा शाळेत सुतारकाम शिकवून निवृत्त झालेला. तो कुंपणावरून म्हणाला, "लहान घे. त्याला छोटं निशाण असतं. मासा लागला की निशाण पडतं. माझ्यासारख्या आंधळ्यालाही कळतं."

"लहानीत मासा ओढताना आधी फळी काढावी लागते ना?"

"लागते की."

"मे महिन्यात, बोटं गोठलेली असताना?"

"तर काय! मासा वाट बघतो. वॉलाय सभ्य असतो."

आमिषांच्या दुकानातली रोंडा याच्या नेमकी उलट. "मोठी घे. मासा लागला की चिमटा सुटतो, मग तू आणि मासा, मध्ये तिसरं कोणी नाही. लाटा असल्या तरी मोठी डगमगत नाही. लहान फळ्या म्हणजे सहा पोरं घेऊन जत्रेला जाणं. एक रडतं, एक हरवतं."

"ऑर्व्हिल तर म्हणतो..."

"ऑर्व्हिलने मागच्या वर्षी चार हरवल्या. त्यातल्या दोन मीच त्याला परत विकल्या, सापडल्या म्हणून."

नॉर्बर्टने घरी येऊन तक्ता केला. डाव्या अंगाला गुण, उजव्या अंगाला दोष, खाली बेरीज, बेरजेखाली सही. सही कुणासाठी, ते डार्लीनने विचारलं नाही; एकतीस वर्षांत ती काही गोष्टी विचारणं सोडायला शिकली होती. बेरजेत मोठ्या फळ्या तीन गुणांनी सरस ठरल्या आणि नॉर्बर्टने तो निकाल ऑर्व्हिलला, पोस्टमनला आणि रविवारी चर्चच्या पायरीवर पाद्रीबुवांना ऐकवला. पाद्रीबुवांनी त्याला आशीर्वाद दिला. निवडीबद्दल मात्र ते काही बोलले नाहीत.

योग असा की पुढच्याच शनिवारी गुटोव्स्कीबाईंच्या गॅरेजमध्ये जुन्या सामानाची विक्री होती. बाई विधवा. त्यांचा नवरा एडविन चाळीस वर्षं त्या उपसागरात गळ ओढत फिरला आणि स्वतःच्या हाताने देवदाराच्या फळ्या करायचा. लाल रंगाच्या, पोटात शिशाची पट्टी ओतलेल्या, आणि पाण्यात बाहेरच्या अंगाला येईल तिथे एकेक पांढरा डोळा रंगवलेल्या. टेबलावर जोडी ठेवली होती, निळ्या रिबिनीने बांधून. बाईंचा नीटनेटकेपणा असा की त्यांनी करवतीलाही रिबीन बांधली होती.

नॉर्बर्टने खिशातून तपासणीची यादी काढली. तेरा मुद्दे. लाकूड सडलं आहे का, शिसं हललं आहे का, कड्या गंजल्या आहेत का, रंग सुटला आहे का. तेराही बरोबर निघाले.

"अशीच आणखी एक जोडी होती," बाई म्हणाल्या. "सकाळीच गेली. घेणाऱ्याने यादीबिदी काही काढली नाही, उचलली आणि चालता झाला."

"उतावळा माणूस," नॉर्बर्ट म्हणाला आणि पैसे मोजून दिले.

मोठ्या फळ्यांना बोटीवर खांब लागतो. खांब बसवला तर धक्क्याच्या कचेरीत कळवावं लागतं. नॉर्बर्टसारखा माणूस न कळवता राहील, तर सूर्य उगवणार नाही. खिडकीतल्या बाईंनी अर्ज पुढे सरकवला.

"बोटीत बदल काय?"

"पाच फुटी खांब. फळ्यांचे दोर बांधायला."

"खांबाचा रकाना नाही. डोलकाठीचा आहे."

"ही डोलकाठी नाही हो."

"बोटीवर उभी आहे?"

"आहे."

"वरच्या टोकाला दोर बांधणार?"

"बांधणार, पण..."

"मग डोलकाठी. डोलकाठी म्हटली की शिडाची बोट. शिडाच्या बोटी शेवटच्या रांगेत. भाडं थोडं जास्त."

नॉर्बर्टने अर्जावर सही केली. कारण चौतीस वर्षं लोकांना खिडकीतून तो स्वतः हेच ऐकवत आला होता: रकाना नाही म्हणजे ती वस्तूच नाही. बाईंच्या बोलण्यात त्याला एकही चूक काढता येईना, आणि त्याचंच त्याला जास्त लागलं. शेवटच्या रांगेत सगळे पांढऱ्या बुटांचे लोक, हातात वाइनचे पेले. नॉर्बर्टच्या बोटीतून गांडुळांचा डबा खाली उतरला की दोन्ही बाजूंची संभाषणं थांबत.

"तुमचं शीड दिसत नाही?" एकाने सौजन्याने विचारलं.

"धुवायला टाकलंय," नॉर्बर्ट म्हणाला.

वाढदिवसाला आठ दिवस उरले असताना चाचणीची फेरी निघाली. डार्लीन सुकाणूवर, नॉर्बर्ट फळ्यांपाशी. डावी फळी त्याने पाण्यात सोडली मात्र, ती अशी डौलात दूर सरकली की नॉर्बर्टने नकळत टोपी काढली. मग त्याने उजव्या अंगाला दुसरी सोडली. ती दोन हात दूर गेली, थबकली, वळली, आणि गोठ्याकडे परतणाऱ्या वासरासारखी सरळ बोटीकडे आली. ठक्.

"परत आली," डार्लीन म्हणाली.

"दोर कमी पडला असेल."

त्याने दोर वाढवला. फळी मागे गेली, बोटीच्या शेपटीला वळसा घातला, मागचे दोन तंगूस कापत डावीकडे आली आणि आपल्या बहिणीला जाऊन मिळाली. डार्लीनने इंजिन बंद केलं. नॉर्बर्टने फळी ओढून घेतली आणि तीन मिनिटं तिच्याकडे पाहिलं. नाले खात्यात अशा नजरेने तो तुंबलेल्या मोरीकडे पाहायचा.

"नॉर्बर्ट, दोन्हींचे डोळे डावीकडेच आहेत."

"असतील."

"म्हणजे दोन्ही डाव्या."

"डार्लीन, मी तेरा मुद्दे तपासलेत."

"चौदावा हा होता."

त्याने फळी उलटी करून पाहिली. पोट वर केलं की डावीची उजवी होते, हे तर्काला धरून होतं. इंजिन पुन्हा सुरू झालं आणि फळी मिनिटभर खरंच उजवीकडे गेली. पण पोटातलं शिसं आता डोक्यावर आलेलं. झोपेत कूस बदलावी तशी ती अलगद पालथी झाली आणि पुन्हा घरी आली. ठक्.

एवढ्यात डाव्या अंगाने क्लेमेंटची बोट आली. त्याच्या शेजारी खुर्चीत जाजा, मांडीवर घोंगडी. क्लेमेंटची एकच फळी पाण्यात होती, त्याच्या उजव्या अंगाला. नॉर्बर्टचीही एकच, त्याच्या डाव्या अंगाला. दोन बोटींच्या मधल्या पाण्यात दोन्ही फळ्या एकमेकींकडे अशा धावल्या जशा वीस वर्षांनी भेटणाऱ्या मावशी. पुढचा पाऊण तास कात्री चालली. गळाला लावलेले नऊ नकली मासे तळाला गेले आणि उरलेल्या तंगुसाचा जो गोळा हाती आला त्यात एक पक्षी संसार थाटू शकला असता.

पण नॉर्बर्टचं लक्ष तिकडे नव्हतं. क्लेमेंटची फळी लाल होती. तिच्यावर पांढरा डोळा होता. आणि बोटीच्या तळाशी, घोंगडीच्या टोकाखालून, तसाच दुसरा डोळा त्याच्याकडे पाहत होता. क्लेमेंटही नॉर्बर्टच्या बोटीत वाकून पाहत होता. दोघांना एकाच क्षणी सगळं समजलं, आणि एकाच क्षणी दोघांनी ठरवलं की आपल्याला काहीच समजलेलं नाही.

"तुझी उजवी फळी कुठाय रे?" क्लेमेंटने विचारलं.

"उजवीकडे आज मासा नाही. तुझी डावी?"

"विश्रांती देतोय तिला."

"बरं करतोस."

"मी इथे घोंगडीत मरतोय," जाजा म्हणाले, "आणि हे दोघं फळ्यांची तब्येत विचारतायत."

दुसऱ्या दिवशी नॉर्बर्ट गुटोव्स्कीबाईंकडे गेला. सहज, जाता जाता, म्हणजे सात मैलांचा वळसा घेऊन.

"जोड्या मीच लावल्या," बाई म्हणाल्या. "एडविनने सगळा पसारा करून ठेवला होता. एका जोडीत एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. पायमोजेही असेच ठेवायचा तो माणूस. मी डोळे बघून सारख्याला सारखी लावली. काही चुकलं का?"

"छे, छे."

"काल क्लेमेंटही हेच विचारायला आला होता. याच खुर्चीत बसला. केकचे दोन तुकडे खाल्ले. मी म्हटलं, मेव्हण्याला विचार, एकेक बदलून घ्या, झालं!"

"मग काय म्हणाला?"

"म्हणाला, बाई, तुम्ही आमच्या घरातल्या नाही म्हणून असं बोलता."

नॉर्बर्टला आयुष्यात पहिल्यांदा क्लेमेंटचं एक वाक्य पटलं. कारण प्रश्न फळीचा नव्हताच. मागायचं कुणी हा होता. जो मागेल त्याने फळी निवडताना गाढवपणा केला हे कबूल केलं, आणि हे कबूल केलेल्या माणसाच्या हाती कुणी कढई देत नाही. नॉर्बर्टने मोठ्या फळ्यांचा निकाल पाद्रीबुवांपर्यंत पोचवलेला होता; क्लेमेंटने, पुढे कळलं, तो मद्यालयात पोचवला होता. परतीची वाट दोघांनीही आपापल्या हाताने बुजवली होती.

तरी शुक्रवारी नॉर्बर्टने मान खाली घालून रोंडाचं दुकान गाठलं.

"लहान फळ्या आहेत का? माझ्यासाठी नाही. ओळखीचे एक गृहस्थ आहेत."

"संपल्या. पुढचा माल मंगळवारी. आत्ता तासाभरापूर्वी क्लेमेंट येऊन गेला. त्याच्याही ओळखीचे एक गृहस्थ आहेत म्हणे." रोंडाने गल्ल्यावर कोपर टेकलं. "ते दोन गृहस्थ एकमेकांना भेटले तर बरं होईल."

शनिवार उजाडला. वारा बेताचा. मासे खडकाच्या धारेलगत एका चिंचोळ्या पट्ट्यात उभे होते, आणि ही बातमी नॉर्बर्टला मिळाली तेव्हाच क्लेमेंटलाही मिळाली होती. सहा वाजता दोन्ही बोटी त्या पट्ट्याच्या तोंडाशी. जो जागा सोडेल त्याने कढई सोडली. पण क्लेमेंट डाव्या अंगाला राहिला तर मधल्या पाण्यात पुन्हा मावशांची भेट ठरलेली. डार्लीनने उभं राहून हात केला.

"क्लेम! आमच्या उजवीकडे ये!"

"का म्हणून?"

"कारण मला आज माझ्या केसांचा गुंता सोडवायला वेळ हवा, तंगुसाचा नाही! ये गुमान!"

क्लेमेंट वळसा घालून उजवीकडे आला. आता नॉर्बर्टची डावी फळी डाव्या अंगाला मोकळ्या पाण्यात, क्लेमेंटची उजवी फळी उजव्या अंगाला मोकळ्या पाण्यात, आणि मध्ये वीस हातांवर दोन बोटी, एका जुवाला जुंपलेल्या बैलांसारख्या. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, एकच रुंद बोट चालली आहे आणि तिच्या फळ्या अगदी नीट निवडलेल्या आहेत.

अर्धा तास कुणालाच काही लागलं नाही. मग पट्ट्याच्या टोकाला वळायची वेळ आली. दोघं डावीकडे वळले. वळताना आतल्या अंगाची फळी मंदावते, दोर सैल पडतो, नकली मासे सावकाश खाली उतरतात, आणि खालच्या वॉलायला वाटतं, आलं ताट. नॉर्बर्टचे लागोपाठ दोन चिमटे सुटले. दोन मासे.

"आता उजवीकडून वळू," क्लेमेंट लगेच म्हणाला.

"वारा डावीकडचा आहे."

"वाऱ्याचा पाहुणचार करायचाय का तुला? उजवीकडून!"

"डावीकडून!"

दोघं बोलले तसे वळले. म्हणजे एक इकडे, एक तिकडे. पुन्हा जमवाजमव व्हायला वीस मिनिटं गेली, आणि तेवढ्यात तिसऱ्याच एका बोटीने पट्ट्यातून मासा काढून दोघांना दाखवून दाखवून जाळ्यात घातला. तेव्हा क्लेमेंटच्या बोटीतल्या जाजांनी घोंगडी बाजूला केली, दोन बोटं तोंडात घातली आणि अशी शीळ मारली की शेजारचे सीगल उडाले.

"एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मी शीळ घालीन तेव्हा. आतला हळू, बाहेरचा जोरात. यापुढे जो बोलेल त्याला मी पाण्यात ढकलतो."

"बाबा, तुम्हाला उभंही राहता येत नाही," डार्लीन ओरडली.

"जाता जाता ढकलीन!"

मग चार तास ती कवायत चालली. शीळ, डावीकडे, नॉर्बर्टला मासा. शीळ, उजवीकडे, क्लेमेंटला मासा. वळताना वेग जमवायला बोलणं भाग होतं. आधी "हळू!" आणि "जरा दाब!" एवढंच. दहा वाजेतो क्लेमेंट "नॉर्बर्ट, थोडं हळू घे," म्हणाला. 'जावईबुवा' असं म्हणाला नाही. नॉर्बर्टने मनात तारीख टिपली. अकराच्या सुमाराला त्याचं जाळं फाटलं तेव्हा क्लेमेंटने न मागता आपलं जाळं वीस हातांवरून फेकलं. ते नॉर्बर्टच्या तोंडावर बसलं, पण हेतू मदतीचाच असावा.

धक्क्यावर मासे मोजले. नॉर्बर्ट आणि डार्लीनचे सोळा. क्लेमेंट आणि जाजांचे सोळा.

"वजन करू," क्लेमेंट म्हणाला.

"मी जास्त म्हणालो होतो," जाजा म्हणाले, "जड नाही."

"मग मी आणखी एक फेरी मारतो!"

"मार. मग तिथून थेट तुरुंगात जा. माणशी आठ मासे, हा कायदा आहे. दोन माणसांचे सोळा. सतरावा मासा दोघांपैकी कुणालाच आणता आला नसता."

नॉर्बर्ट मटकन पेटीवर बसला. चौतीस वर्षं ज्याने नियमांवर भाकरी खाल्ली, त्याला ही गोष्ट ईस्टरच्या टेबलावरच कळायला हवी होती. पंधराव्या मुद्द्यात तरी.

"मग कढई कुणाची?" त्याने विचारलं.

"कढईला कान किती?"

"दोन."

"तुम्ही किती?"

रविवारी मेपलच्या झाडाखाली चूल मांडली. कढईत तेल ओतलं तेव्हा कळलं की भरलेली कढई एकट्याने हलवणं ही जाजांचीच करामत होती. चुलीच्या दगडांवर ती डगमगे, म्हणून फडक्यात धरून नॉर्बर्टने डावा कान पकडला, क्लेमेंटने उजवा, उरलेल्या हातांत एकेक झारा. समोर ताटल्या घेऊन रांग लागली आणि नॉर्बर्टचा ऊर भरून आला. एकतीस वर्षांनी तो रांगेच्या या बाजूला उभा होता. त्याने ऑर्व्हिलला शेपटी वाढली. धक्क्याच्या कचेरीतल्या बाई कुणाच्या तरी नात्याने आल्या होत्या, त्यांना तुकडा न वाढता त्याने आधी विचारलं, "ताटलीत माशाचा रकाना आहे ना?" बाईंना कळलं नाही. गुटोव्स्कीबाईंना मात्र दोघांनी एकाच वेळी पोटाचा तुकडा वाढला.

"बघा, जोडी कशी सारखी लागली!" बाई म्हणाल्या.

मग धूर डोळ्यांत गेला. मनगट भरून आलं. कान सोडावा तर तेल क्लेमेंटच्या पायावर, आणि क्लेमेंटने सोडावा तर नॉर्बर्टच्या. रांग पुढे सरके आणि मागून पुन्हा लांब होई.

"डार्लीन, तू तिसऱ्यांदा आलीस," नॉर्बर्ट म्हणाला.

"सुकाणूवर मी होते. वाढ. पोटाचा."

"ऐक ना," क्लेमेंट तेलाकडे पाहत हळूच म्हणाला, "तुझ्याकडे म्हणे एक डावी जास्तीची आहे."

"कोण म्हणालं?"

"कुणी नाही."

"तुझ्याकडे उजवी आहे म्हणे."

"असेल."

मागायचं कुणी, तो प्रश्न तेलाच्या वर तरंगत राहिला, आणि कढईचे कान दोघांच्या हातात असल्यामुळे कुणाला पाठ फिरवून जाताही येईना.

शेवटचा तुकडा ऑर्व्हिल दुसऱ्यांदा येऊन घेऊन गेला. नॉर्बर्टने झाऱ्याने तळ चाचपला. पिठाचे करपलेले कण, बाकी काही नाही. त्याने क्लेमेंटकडे पाहिलं. क्लेमेंट पावात बटाट्याचं सॅलड भरत होता.

झाडाखालच्या खुर्चीत जाजा बसले होते. ताटलीत पोटाचे दोन तुकडे, वाफ अजून निघत असलेले. नॉर्बर्टला आठवलं की एकतीस वर्षांच्या त्याच्या हिशेबात सगळ्यांच्या ताटांचा रकाना होता, जाजांच्या ताटाचा नव्हता.

बेरीज अशी झाली. बत्तीस मासे, खाणारे चाळीस. ऑर्व्हिल, दोनदा. डार्लीन, तीनदा. गुटोव्स्कीबाईंच्या दोन्ही जोड्या पूर्ण किमतीला गेल्या. शिडाच्या रांगेचं भाडं नॉर्बर्टने मोसम संपेपर्यंत भरलं. चार फळ्या घेतल्या, दोनच कामी आल्या. कढईसाठी भांडलेल्या दोघांनी मिळून मासे खाल्ले शून्य.

जाजांनी तुकडा तोडला, फुंकर घातली आणि तोंडात टाकला.

"एकतीस वर्षांनी," ते म्हणाले, "गरम खातोय."